जूनमधलं गिऱ्हाईक

पत्र: आमची संस्था सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी आहे. अठरा वर्षांवरच्या बौद्धिक दिव्यांग मुलामुलींची कार्यशाळा गेली बारा वर्षं चालवतो. बेचाळीस मुलं, नऊ जणांचा कर्मचारीवर्ग, वर्षाचा खर्च ३८ लाख. अनुदान नाही. एका कंपनीकडून सीएसआरचे, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतले, वर्षाला १४ लाख यायचे, ते तीन वर्षांनी या मार्चला थांबतायत. यंदा दिवाळीत पणत्या, उटणं, आकाशकंदील आणि कागदी पिशव्या मिळून ६ लाख २० हजारांची विक्री झाली, २ लाख १० हजार नफा राहिला. आमचे एक विश्वस्त म्हणतात, मसाल्याचं युनिट टाकू. नऊ लाखांचं यंत्र येतं, पाच वर्षांत संस्था स्वतःच्या पायावर उभी राहील. लिज्जतच्या बायकांनी नाही का करून दाखवलं! दुसरे म्हणतात, आपण सेवेला बसलोय, दुकान मांडायला नाही. दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद झालंय. काय करू? कंपनी काढावी का? की जन्मभर झोळी घेऊनच हिंडायचं? – एक कार्यवाह

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत दिवाळीचा हिशेब जोडलात ते फार बरं केलंत. संस्थेची माणसं मला चार पानं तळमळ लिहून पाठवतात आणि आकडा एकही नसतो. तुमच्या हिशेबावर मी पेन्सिल घेऊन बसलो. आधी तेच सांगतो, विश्वस्तांच्या भांडणाकडे मग येतो.

तुम्ही विक्रीतून माती, रंग, कागद, उटण्याचं सामान वजा केलंत आणि २ लाख १० हजार नफा काढलात. पण ऑगस्ट ते ऑक्टोबर तुमच्या चार शिक्षिका दुसरं काही करत नव्हत्या, हे तुम्हीच लिहिलंय. चौघींचे पंधरा हजारांप्रमाणे तीन महिन्यांचे झाले १ लाख ८० हजार. टेम्पो एका विश्वस्तांचा, भाडं घेतलं नाही. घेतलं असतं तर १२ हजार. खोकी कुणीतरी देणगी म्हणून दिली, तुमच्याच यादीत त्यांची किंमत ४० हजार लावलीय. बेरीज २ लाख ३२ हजार. म्हणजे नफा नाहीच, २२ हजारांची खोट.

दचकू नका. हा हिशेबही चुकीचाच आहे, फक्त उलट्या बाजूने.

त्या चौघी तीन महिने निव्वळ माल काढत नव्हत्या. एखाद्या मुलाला कागदाची कड कडेला लावायला शिकवण्यात दहा दिवस गेले असतील, एखादी मुलगी दुपारी बिथरली म्हणून बाई तासभर तिच्याजवळ बसली असेल. तो धंद्याचा खर्च नव्हे. त्याच्यासाठीच तर तुम्ही संस्था काढलीत. मग प्रश्न असा विचारा: हाच माल बाजारातल्या साध्या कारागिराकडून करून घेतला असता तर मजुरी आणि देखरेख किती पडली असती? समजा ६० हजार. तेवढे धंद्याच्या वहीत लिहा. उरलेले १ लाख २० हजार दुसऱ्या वहीत, कार्यशाळेच्या. आता धंद्याची वही पुन्हा मांडा: २ लाख १० हजारांतून ६०, १२ आणि ४० हजार गेले, राहिले ९८ हजार. हा तुमचा खरा नफा. ३८ लाखांच्या खर्चाशी ताडून पाहिला तर जेमतेम अडीच टक्के.

पाच वर्षांत स्वयंपूर्ण व्हायचं म्हणणाऱ्या विश्वस्तांपुढे हा अडीचाचा आकडा ठेवा. आणि दुकान नको म्हणणाऱ्यांपुढे १ लाख २० हजारांचा ठेवा, कारण ती रक्कम कुठलाच धंदा कधी भरून काढणार नाही. तिच्यासाठी देणगी लागणार, आणि ती ताठ मानेने मागता येते. ‘आमच्या मुलांना पिशवी करायला तिप्पट वेळ लागतो, त्या जादा वेळाचे पैसे द्या’ असं दात्याला सांगायला लाज कसली? उलट असा नेमका आकडा घेऊन येणारी संस्था दात्याला क्वचितच भेटते. लोक गोंधळतात ते दोन्ही खर्च एकाच वहीत कोंबल्यामुळे. मग धंदा तोट्यात दिसला की सेवेच्या नावावर ढकलायचा, सेवेला पैसे कमी पडले की धंद्याचा नफा फुगवून सांगायचा. शेवटी कशाचं काय चाललंय हे खजिनदारालाही कळत नाही.

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. पंचवीस वर्षं संस्थांचे हिशेब लिहिले, आणि एके ठिकाणी माझ्याच हौसेपायी खड्ड्यात पडलो. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून दिवाळीचा फराळ करून विकायचा, ही कल्पना माझी. पहिल्या वर्षी ओळखीपाळखीत खपला, सगळ्यांनी पाठ थोपटली. दुसऱ्या वर्षी एका कंपनीची पाचशे खोक्यांची ऑर्डर आली. आम्ही हुरळून तेल, रवा, काजू रोखीने उचलले. निम्मा चिवडा आदल्या पावसाळी आठवड्यात सादळला, तो टाकून पुन्हा केला. माल वेळेवर पोचला, पण पैसे आले फेब्रुवारीच्या शेवटी. तोवर वसतिगृहाच्या धान्याचे पैसे तेलात अडकलेले. जानेवारीत मी वाण्याकडे उधारी मागायला गेलो तेव्हा तो म्हणाला, ‘फराळ तर जोरात खपला म्हणे तुमचा?’ ते वाक्य अजून टोचतं. विक्री झाली होती, नफाही झाला होता कागदावर. हातात मात्र दमडी नव्हती. म्हणून धंद्याचं खेळतं भांडवल मुलांच्या जेवणाच्या पैशांतून कधीही काढू नका. बँकेत खातंच वेगळं ठेवा.

आता लिज्जत. हा दाखला मला वर्षातून निदान दहा वेळा ऐकावा लागतो. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, हे खरं. पण ती काही देणगीवर चालणारी संस्था नव्हती, जी पुढे धंद्यात उतरली. ती पहिल्या दिवसापासून धंदाच होती. तोटा आला तरी देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं. लाटणारी प्रत्येक भगिनी मालकीण, तिला वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, मिळते लाटलेल्या पापडावर. तिथे काम शिकवायला, सांभाळायला, फिट आली तर धावायला वेगळी माणसं लागत नाहीत. तुमच्या बेचाळीस मुलांना लागतात. लिज्जतकडून शिकायचंच असेल तर चवीत आणि मापात बायकांनी कसूर होऊ दिली नाही, हे शिका. लोकांनी पापड घेतला तो पापड चांगला म्हणून, गरीब बायकांनी लाटला म्हणून नव्हे.

आणि इथेच तुमच्या दिवाळीची मेख आहे. दिवाळीत तुमच्या स्टॉलवर येणारा माणूस पणतीपेक्षा स्वतःचं समाधान विकत घेत असतो. त्यात वाईट काही नाही, मीही घेतो. पण तो वर्षातून एकदा येतो, घासाघीस करत नाही, रंग उडालेली पणतीही उचलतो, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या संस्थेच्या स्टॉलवर जातो. धंदा म्हणायचा तर जूनमधलं गिऱ्हाईक दाखवा. पावसात, सणासुदीशिवाय, तुमच्या संस्थेचं नावही ठाऊक नसताना जो वस्तू हवी म्हणून येईल, तो तुमचा पाया.

असं गिऱ्हाईक मी पाहिलंय. एका कार्यशाळेत औषधांच्या दुकानांना लागणारी छोटी कागदी पाकिटं बनायची. मोजायला बसवलेल्या मुलाला दहापर्यंत मोजता येत नव्हतं. बाईंनी एका लाकडी फळीवर दहा पाकिटांच्या चौकटी रंगवल्या होत्या. तो प्रत्येक चौकटीत एक पाकीट ठेवायचा, फळी भरली की रबर लावायचा, फळी पुन्हा रिकामी. घाई नाही, कंटाळा नाही. मी गंमत म्हणून एक पाकीट हळूच काढून घेतलं, तर तो रिकाम्या चौकटीवर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिला, परत ठेवेपर्यंत. गावातला औषधवाला मला म्हणाला, ‘बाकीच्यांच्या गठ्ठ्यात कधी नव्वद, कधी पंच्याण्णव निघतात. यांच्यात शंभर म्हणजे शंभर.’ तो दर महिन्याला माल घ्यायचा, पैसे रोख. दयेचा शब्दही त्याच्या तोंडून निघाला नाही.

मसाल्याचं म्हणाल तर मी ठाम नको म्हणेन. तुमच्या भागात घराघरांत कांदा-लसूण मसाल्याची आपापली कृती असते. उन्हाळ्यात बायका स्वतः मिरच्या निवडून, वाळवून डंखावर नेऊन कुटून आणतात. ज्या घरांना ते जमत नाही त्यांना बचत गटांचा मसाला प्रत्येक प्रदर्शनात मिळतो, शेजारी शेजारी सहा स्टॉल, सहा बरण्या. त्यात तुम्ही सातवे. वर अन्नपदार्थ म्हणून परवाना, तपासणी, वेष्टनावरच्या तारखा, विजेचं वेगळं मीटर. आणि मिरचीचा खकाणा! तुमच्या मुलांपैकी किती जणांना दम्याचा किंवा फिट येण्याचा त्रास आहे ते त्या नऊ लाखांच्या यंत्राकडे बोट दाखवणाऱ्यांना विचारा. मुलांना त्या खोलीत बसवता येणार नसेल तर कांडायला बाहेरची दोन माणसं ठेवाल. मग तो कुणाचा उद्योग?

माझ्या मते तुमच्याकडचा खरा विकाऊ माल तुम्ही मोजलेलाच नाही. बारा वर्षांत नऊ माणसांनी जे शिकलंय ते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा दाखला सगळे देतात, पण अर्धाच देतात. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी निवृत्तीनंतर १९७६ मध्ये ते अकरा खाटांवर सुरू केलं. तिथे डोळ्यांच्या दवाखान्यासाठी पैसे उभे करायला कुणी अगरबत्त्या विकल्या नाहीत. ज्यांना परवडतं ते पैसे देऊन शस्त्रक्रिया करून घेतात, त्यातून न परवडणाऱ्यांची होते, डॉक्टर तेच. पुढे डोळ्यात बसवायची भिंगं महाग पडायला लागली तेव्हा १९९२ मध्ये ती बनवायला ऑरोलॅब काढली. धंदा निघाला तो कामाच्या पोटातून.

तुमच्या कामाच्या पोटात काय आहे? तालुक्यात नोकरी करणारे आईबाप आहेत, ज्यांचं मूल घरी एकटं ठेवता येत नाही. काहींना महिना तीन-चार हजार फी सहज झेपेल, पण तुम्ही सगळ्यांकडून सरसकट दोनशे घेता, कारण ‘आपली संस्था सेवाभावी’. ऐपतीप्रमाणे फी लावा. ज्याला झेपत नाही त्याला माफ, पण ज्याची चारचाकी दारात उभी असते त्याने भरावी. आसपासच्या शाळांना अशा मुलांसाठी काय करायचं ते कळत नाही. त्यांच्या शिक्षकांचं प्रशिक्षण तुमच्या दोन शिक्षिका सुट्टीत घेऊ शकतील, मानधन घेऊन. इतर कार्यशाळांना ती रंगवलेली फळीसुद्धा हवी असते. हे ऐकायला मसाल्याच्या युनिटइतकं झोकदार वाटत नाही, उद्घाटनाला नारळ फोडायची सोय नाही. भांडवल मात्र जवळपास शून्य लागतं.

पुण्याच्या ‘स्वच्छ’चंही उदाहरण विश्वस्तांना सांगा. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ पासूनची. तिच्यातून पुढे सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला. घरोघरचा कचरा उचलायचा आणि घराघराने महिन्याला ठरावीक पैसे द्यायचे. लोक देतात, कारण कचरा रोज होतो. तरीही व्यवस्थेच्या खर्चाला महापालिकेचा हात लागतोच. आनंदवनात किती उद्योग चालतात, देणग्या तिथेही लागतात. तेव्हा ‘संपूर्ण स्वयंपूर्ण’ हे शब्द बैठकीच्या इतिवृत्तातून काढून टाका. तुमच्यासारख्या कार्यशाळेने पाच वर्षांत खर्चाचा चौथा हिस्सा फी आणि विक्रीतून उभा केला तरी मी पेढे वाटेन.

कंपनीबद्दल विचारलंत. आज काढू नका. ट्रस्टचे पैसे खाजगी कंपनीच्या शेअरमध्ये घातले तर आयकराची सवलत धोक्यात येते. विश्वस्तांनी स्वतःच्या नावे काढली तर उद्या ‘संस्थेच्या नावावर यांचा धंदा’ असं गाव म्हणेल, आणि आयकर खातंही विचारेल. ना-नफा कंपनी काढलीत तर कराचे नियम साधारण तेच, वर कंपनीचे कागद. सध्या संस्थेतच विक्री करा, पण आयकराच्या दोन गोष्टी सांभाळा: विक्रीचा उद्योग संस्थेच्या उद्देशाला धरून हवा, आणि त्याची हिशेबाची पुस्तकं वेगळी हवीत. म्हणजे दोन वह्यांचा माझा हट्ट कायद्याचाही आहे. शिवाय ज्या संस्था ‘इतर लोकोपयोगी उद्देश’ या सदरात मोडतात त्यांना अशा व्यवहारातून एकूण जमेच्या वीस टक्क्यांपर्यंतच मिळकतीची मर्यादा आहे. तुम्ही शिक्षण, गरिबांना साहाय्य की त्या इतर सदरात, हे सीएला संस्थेची घटना दाखवून लेखी विचारा. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यात कलमांचे आकडे बदललेत. जुनी झेरॉक्स काढून कुणी कलम सांगायला लागला तर तारीख बघा. मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेतो जीएसटीच्या नोंदणीची घाई नसते, तरी राज्याबाहेर माल पाठवणार असाल तर आधी विचारून घ्या. कर्ज काढायचा विषय निघाला तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीचं काय, ते सही करण्याआधी वकिलाकडून समजून घ्या.

सीएसआर थांबतंय म्हणून त्या कंपनीवर रागावू नका. नियमांत चालू प्रकल्पाची मुदतच मुळी सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंतची आहे, आणि बऱ्याच कंपन्या त्या चौकटीत बसवून मोकळ्या होतात. त्यांना जाऊन भेटा आणि चौदा लाख पुन्हा मागू नका. उतरती मागणी करा: पहिल्या वर्षी दहा, मग सहा, मग तीन. आणि पहिल्या वर्षीच्या दहातले तीन एका विकणाऱ्या माणसासाठी मागा. यंत्रासाठी पैसे देणारे खूप असतात, त्यावर पाटी लावता येते. पण दुकानं फिरून ऑर्डर आणणारा, उधारी वसूल करणारा, नमुना नापसंत झाला तर तोंड पाडून न घेता परत येणारा माणूस नसेल तर यंत्र धूळ खातं. शिक्षिकांवर ते काम लादू नका. उत्तम शिक्षिका सहसा वाईट विक्रेती असते. गिऱ्हाइकाने ‘महाग आहे’ म्हटलं की तिला ते पटतं.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मला तिचीच धास्ती वाटते. ऑर्डर वाढली, तारीख जवळ आली की चलाख हातांची मुलं पुढच्या टेबलावर येतात. ज्याला चुकत चुकत जमतं तो मागे सरकतो, मग त्याच्या हातात वेळ घालवायला मणी देतात, मग प्रवेश देतानाच ‘याला काम जमेल का’ असं बघायला लागतात. कुणाच्या मनात पाप नसतं, सगळं आपोआप होतं. दर तीन महिन्यांनी धंद्याच्या आकड्यांबरोबर हेही लिहायचं ठरवा: बेचाळीसपैकी किती मुलांचा हात या मालाला लागला. तो आकडा खाली आला तर ऑर्डर नाकारा. आणि मुलांना काय मिळतं ते त्या वहीच्या पहिल्या ओळीत लिहा, उरलं तर देऊ असं शेवटी नको. यंदाच्या सहा लाख वीस हजारांत त्यांच्या मानधनाची ओळ मला सापडली नाही. कदाचित राहून गेली असेल.

दोन्ही विश्वस्तांना एकाच बाकावर बसवायचं असेल तर वाद घालू नका, काम द्या. मसालावाल्यांना सांगा, जूनपर्यंत गावातले दहा दुकानदार गाठा आणि प्रत्येकाला महिन्याला कागदाचं काय काय लागतं, किती लागतं, आज काय भावाने घेता, हे लिहून आणा. सेवावाल्यांना सांगा, बेचाळीस पालकांशी बोलून कुणाला किती फी झेपेल याची यादी करा. त्यांच्याइतकं पालकांचं प्रेम दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. दोन्ही कागद आले की मला पाठवा, पेन्सिल घेऊन पुन्हा बसतो.

आणि हो, त्या यंत्राचं कोटेशन कोणत्या तारखेपर्यंत चालतं ते बघून ठेवा. ती तारीख निघून गेली की विषय बैठकीत पुन्हा काढा.